नारू ओढायचा नसतो

ज्याच्या पायातून या घडीला नारूच्या किड्याचं पांढरं तोंड बाहेर आलं आहे, आणि वैतागून जो तो एका झटक्यात ओढून टाकायच्या बेतात आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचलं तर वाचा, नाही तर राहू द्या. पण तू, लेका, आधी हात खाली ठेव. ती काडी सोड. मग वाच.

मी डॉक्टर नाही. मी गोलकीपर होतो, नागपूरच्या एका कापडगिरणीच्या फुटबॉल टीमचा पगारी गोलकीपर. नाव हरसिंग. पांढरकवड्याकडून हैदराबादेच्या सडकेनं गेलं की आत तीन कोसांवर आमचा तांडा. आमचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरले, आम्ही कापूस-तूर पेरतो. घरी गोरबोली बोलतो, आईला याडी म्हणतो. तिचं नि माझं बोलणं इथं मराठीत लिहिलं आहे, कारण ते वाचणारा तू आमच्या तांड्यातला नसशील. मराठी शाळेत शिकलो. राग मात्र जन्माचाच आहे, तो सांभाळून घे.

दोन दगड

मी हौसेनं गोलकीपर झालो नाही. पांढरकवड्याच्या शाळेत ड्रिल मास्तरांनी कुठून तरी चामड्याचा चेंडू आणला. मी तांड्यातून चालत यायचो, पोचेपर्यंत दहाही जागा भरलेल्या. मास्तर म्हणाले, "ए, उशिरा येणाऱ्या, तू त्या दोन दगडांमधे उभा राहा." तिथं उभा राहिलो तो बरीच वर्षं तिथंच.

हात मात्र आधीपासून तयार होते. आमची बैलबंडी कापूस घेऊन वणीच्या जिनिंगात जायची. मोठा भाऊ दलपत वरून गाठोडी फेकायचा, मी खाली झेलायचो. गाठोड्याला नुसता पंजा लावला तर ते तुला घेऊन पडतं. दोन्ही हात पुढं करून छातीशी ओढून घ्यावं लागतं. चेंडूचंही तसंच. पावसात भिजलेला तो चामड्याचा चेंडू काही हलका नसायचा, बाप्पा.

मास्तरांच्या ओळखीनं नागपूरला गेलो, निवड झाली. सकाळी गिरणीत कापडाच्या घड्या घालायच्या, दुपारनंतर मैदान. अट एकच होती. टीममध्ये आहेस तोवर कामावर आहेस. टीम सुटली की घड्याही सुटल्या. टीमचं सगळं मिश्राजी पाहायचे, गिरणीचे टाइमकीपर, शिट्टी गळ्यात घालूनच जेवणारा माणूस. दुसरा गोलकीपर जोसेफ. माझ्याहून वीतभर उंच, आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे स्वभावानंही चांगला. मी एक मॅच चुकलो की तो उभा राहणार, हे मला झोपेतही माहीत होतं.

कप

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आदल्या पावसाळ्यात आम्ही शहरातला एक कप जिंकला होता. सुट्टीवर निघताना मी मिश्राजींच्या मागंच लागलो, आठ दिवस कप द्या, याडीला दाखवतो. ते म्हणाले, "खरोंच आयी तो तेरी खाल से निकालूंगा." पण दिला.

तांड्यात नुसता जल्लोष. नायकानं, म्हणजे आमच्या तांड्याच्या मुखियानं, कप डोक्यावर घेऊन नाच केला. मग कोणी तरी म्हणालं, नुसता पाहायचा काय, कपातून प्यायला पाहिजे. याडी उठली. आमची प्यायची विहीर म्हणजे पायविहीर, पायऱ्या उतरून थेट पाण्यात जायचं. उन्हाळ्यानं पाणी तळाला गेलेलं. ती गुडघाभर पाण्यात शिरली, कप भरला आणि तसाच माझ्या तोंडाला लावला. गाळला नाही, काही नाही. कायले गाळणार? त्या विहिरीचं पाणी आम्ही जन्मभर प्यालो होतो. मी एका दमात कप रिकामा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या कपातून माझ्या पोटात काय गेलं ते कळायला वर्ष लागलं.

घोटा

पुढच्या उन्हाळ्यात परत सुट्टीवर आलो. डाव्या पायाच्या घोट्याच्या वर खाज सुटली. मी लक्षच दिलं नाही. गोलकीपरच्या पायाला रोज कोणाचा ना कोणाचा बूट लागतच असतो. मग तिथं फोड आला, आणि आग! कोणी निखारा ठेवून विसरून गेल्यासारखी आग. रुईचं पान गरम करून बांधलं, गुळात हिंग खाल्ला, काही उपयोग नाही.

एकच जागा होती जिथं ती आग थांबायची. पायविहीर. पायऱ्या उतरलो, पाय पाण्यात सोडला, आणि हाय रे! ते सुख मी तुला सांगू शकत नाही, आणि तुझा पाय जळत असेल तर सांगायची गरजही नाही. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन बसलो. शेजारी बाया घागरी भरत होत्या, माझी थट्टा करत होत्या. तिसऱ्या दिवशी पाण्यातच फोड फुटला, थोडं दुधासारखं काही तरी पाण्यात पसरलं, आणि पाय वर काढला तर पांढऱ्या सुताचं टोक लोंबत होतं.

याडीनं वाकून पाहिलं. तिच्या बापाला झालेला तिनं पाहिला होता. "नारू हाय," म्हणाली, आणि तिथंच पायरीवर बसली.

दलपत हसला. "नागपूरले चेंडू अडवतो म्हन्तो, अन् पायातला किडा नाही अडवता आला तुले?"

मी त्याला दगड फेकून मारला. लागला नाही, पण मनापासून मारला होता.

काडी

नारूला औषध नाही. बाहेर आलेलं टोक बारीक काडीला गुंडाळायचं, काडी पायाला बांधून ठेवायची. रोज बोटाचं एक पेर, फार तर दोन पेरं आणखी गुंडाळायचं. त्याच्या मनात असेल तेवढाच तो सुटतो. किडा हातभर लांब असतो, त्याहूनही लांब असतो. दिवस जातात. आठवडे जातात. तू जेवतोस, झोपतोस, लघवीला जातोस, आणि ती काडी तुझ्याबरोबर.

माझ्याकडे आठवडे नव्हते. मिश्राजींचं पत्र आलं होतं. मृग लागला की पहिल्या रविवारी निवडीची मॅच, मागं राहिला तो राहिला. मी काडीकडे पाहायचो आणि माझ्या कपाळाची शीर उडायची. एवढासा दोरा! मोठमोठ्या फॉरवर्डच्या पायातून चेंडू काढून घेणारा मी, आणि हा सुताएवढा हरामखोर मला खाटेवर बसवून ठेवतो?

लोकांना वाटतं गोलकीपर मोठा शांत असतो. काही शांत नसतो. तो चेंडू येईपर्यंत गप्प असतो, आणि आला की झडप. मला तेवढंच येत होतं. निघायला तीन दिवस उरले तेव्हा याडी वावरात गेलेली पाहून मी काडी चिमटीत धरली, दात आवळले आणि ओढली.

हातात वीतभर आलं. बाकीचं रबर तुटल्यासारखं सटकन आत गेलं.

पहिल्यांदा तर मला बरंच वाटलं. म्हटलं, सुटलो.

वात

दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला. तिसऱ्या दिवशी तापात मी मिश्राजींना हाका मारत होतो म्हणे. दलपतनं बंडी जुंपली, सडकेवर आणून एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून मला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. पेरणीचे दिवस, बैल घरी हवे होते.  

तिथं पाय चिरला. एकदा नाही, तीनदा. जखमेत औषधात भिजवलेली लांब कापडी वात कोंबून ठेवायचे आणि रोज सकाळी ती ओढून काढायचे, नवी कोंबायचे. मी एकदा ओढलं होतं, त्याचा बदला रोज घेतल्यासारखं. सकाळी वात, दोन वेळा इंजेक्शन, दुपारी डाळ-भात, संध्याकाळी शेजारच्या खाटेवरचं कण्हणं. रविवार आला आणि गेला. मी छताकडे पाहत मॅच खेळलो. किती गोल वाचवले सांगू? सगळे.

शेजारी वणीकडचा एक शेतकरी बुढा होता. त्यालाही नारू, काडी पायाच्या अंगठ्याशी बांधलेली. तो दिवसभर पाय लांब करून खिडकीतून बाहेर पाहायचा.

"बाबाजी, ओढून टाकावं वाटत नाही काय तुम्हाले?" मी विचारलं.

"वाटते ना. पन तो माह्या पायात वर्षभर गप राह्यला, बापा. आता मी महिनाभर राह्यलो गप तं काय बिघडते?"

मला त्याचा असा राग आला की दोन दिवस मी त्याच्याकडे पाठ करून झोपलो.

एक चांगली गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. ड्रेसिंगवाल्या सिस्टरला कळलं की मी गोलकीपर आहे. ती दारातून बँडेजचा गुंडाळा माझ्याकडे फेकायची, कधी उजवीकडे, कधी डोक्यावरून. मी खाटेवरून झेलायचो. एकदाही सुटला नाही. अख्खा वॉर्ड त्यासाठी थांबून राहायचा. त्यानंतर वात काढायची, म्हणून ती आधी फेकायची, हे मला फार उशिरा कळलं.

एक दिवस डॉक्टरांनी विचारलं, "आग होत होती तेव्हा पाय कुठं बुडवला होतास?"

"विहिरीत."

"प्यायच्या?"

"हो."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. रागावले नाहीत. नीट समजावून सांगितलं. नारू पाण्यातून येतो. ज्याच्या पायात आहे त्यानं पाय पाण्यात घातला की त्याची पिल्लं पाण्यात सुटतात. ते पाणी न गाळता प्यालं की वर्षभरानं पिणाऱ्याच्या पायातून बाहेर.

"म्हणजे कपातून मला," मी म्हणालो, "आणि माझ्या पायातून..."

"पुढच्या उन्हाळ्यात कळेल," डॉक्टर म्हणाले.

माझा आजार मला खऱ्या अर्थानं त्या दिवशी कळला. पाय चिरला तेव्हा मी ओरडलो होतो. हे ऐकून मी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

दवाखान्यातच मिश्राजींचं कार्ड आलं. गोलात जोसेफ आहे, हजेरीतून तुझं नाव काढावं लागलं, बरा झालास की कळव, देखेंगे.

वर्ष

घरी आलो तो घोटा लाकडासारखा घट्ट. याडीनं रोज तेल चोळलं. नदीच्या वाळूत मी मैलभर चालायचो, दात-ओठ खाऊन, आणि निंबाच्या फांदीला हात लावायला उडी मारायचो. दिवाळीला फांदीपासून दोन हात खाली होतो. होळीला पानं हाताला लागली. डावा पाय पुन्हा उडायला लागला, हे मी कोणाला सांगितलं नाही. नजर लागेल म्हणून नाही. पुन्हा हातचं जाईल म्हणून.

दुसरीकडं विहीर. नायकाला सांगितलं, पाणी गाळून प्या, विहिरीत पाय नका घालू, सगळ्यांना नारू होईल. तो म्हणाला, "नारू उष्णतेनं होते, बापू. तू नागपूरले हाटेलातलं खात होता, म्हनून तुले झाला." बायांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्या सासूच्या सासूपासून हेच पाणी आहे. मी बादली-दोर घेऊन वरच्या पायरीवर उभा राहायला लागलो, कोणाला खाली उतरू देत नव्हतो, स्वतः पाणी ओढून द्यायचो. चार दिवस लोकांनी ऐकलं. मग एक म्हातारी माझ्या काखेखालून खाली उतरली, आणि तिच्यामागून सगळा तांडा.

आणि खरी गोष्ट तर मलाच माहीत होती. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी तीन दिवस पाय बुडवून बसलो तेव्हाच लोक ते पाणी प्यायले होते. आता पायरीवर उभं राहून काय उपयोग? तरी पाणी गाळायला फडकं मी घरोघर वाटलं. काहींनी त्याची लंगोटी केली.

याडी

उन्हाळा आला. पहिल्यांदा नायकाचा पाय सुजला. मग आणखी काही लोकांचे. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगत होतो, काडीला गुंडाळा, ओढू नका, पाय पाण्यात घालू नका. आता मात्र सगळे ऐकत होते. त्या ऐकण्याचा मला आनंद झाला नाही.

मग एका सकाळी याडी घागर न भरताच परत आली. उजव्या पायाच्या पंजावर फोड. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदरानं पाय झाकला, जणू चूक तिचीच.

नारूचं तोंड बाहेर आल्यावर काडी मीच बांधली. रोज सकाळी कोमट पाण्याची पट्टी लावायचो आणि तो देईल तेवढंच पेरभर गुंडाळायचो. माझ्या या हातांना इतकं हळू काही करता येतं हे मला माहीत नव्हतं. तो सुटत नसे तेव्हा घामानं माझा सदरा भिजायचा. तिच्यावर ओरडायचोही. "हलू नको म्हटलं ना! पाय काहून हलवते?" ती म्हणायची, "मी कुठी हालून राह्यली, तूच कापून राह्यला."

अर्धाअधिक बाहेर आला तेव्हा मिश्राजींचं पत्र आलं. जोसेफ मुंबईच्या टीमकडे गेला. जागा एकच आहे, आणि कामठीचा एक मुलगा तिच्यासाठी येतो आहे. रविवारी मॅच. पाय बरा असेल तर ये, नसेल तर येऊ नकोस.

पाय बरा होता. मी पत्र वाचलं आणि बाहेर जाऊन निंबाच्या फांदीला उडी मारली. हात फांदीच्या वर गेला.

दलपत म्हणाला, "तू जा. काडी मी गुंडाळतो." त्याचे हात मी पाहिले. बैलाची वेसण ओढणारे हात, आणि रोज अंधार पडेस्तोवर नांगरावर. तो कधी ना कधी घाई करणार, हे मला माझ्यावरून माहीत होतं. नायकाच्या घरी त्याच आठवड्यात एकाचा तुटला होता, माणूस तापानं फणफणत होता.

"तू जाय," याडीही म्हणाली. "दोन-चार रोजाचा तं खेळ हाय. येऊन गुंडाळजो."

"दोन-चार रोजात काय होते ते माह्या पायाले विचार!" मी ओरडलो. "तुले कळत नाही काय? हा नारू माह्यामुळे झाला तुले. मी पाय बुडवला त्या पाण्यात. तूच तं घागर भरत होती शेजारी!"

तिनं काडीवरची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "अन् तुह्या पायातला कोनाच्या हातानं झाला? कप कोनं भरलता?"

तिला ते केव्हापासून माहीत होतं कोण जाणे. मी उठून बाहेर गेलो.

शनिवारी नागपूरची मोटर सकाळची होती. मी रात्रभर ठरवलं नाही, आणि उजाडताना ट्रंक भरली. खोटं कायले बोलू? मी जाणार होतो. बूट वर ठेवले, ट्रंक लावली, पाया पडायला आत गेलो.

याडी खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. पट्टी सोडलेली. काडी तिच्या चिमटीत. दात आवळलेले.

मी दारापासून खाटेपर्यंत कसा गेलो मला माहीत नाही. डाव्या पायावरून उडालो असेन. तिचं मनगट माझ्या दोन्ही हातात होतं आणि आम्ही दोघं खाटेवर पडलो होतो. नारू ताणला होता, तुटला नव्हता.

"सोड," ती म्हणाली. "मी ओढून टाकते. मंग तुले थांबावं लागनार नाही."

"याडी, मुठ्ठी उघड."

"मोटर चालली जाईल, हरी."

"जाऊ दे मोटर. मुठ्ठी उघड."

सडकेवरची मोटर तीन कोसांवरून ऐकू येत नाही. तरी ती केव्हा गेली ते मला बरोबर कळलं. मी तिच्या पायाशी बसून काडी पुन्हा बांधत होतो आणि तोंडानं शिव्या देत होतो. नारूला, विहिरीला, मिश्राजींना, त्या कपाला. तिलाही दिल्या. ती ऐकत होती.

रविवारी एक पेर सुटला. पाऊस नव्हता, मैदान कोरडं असणार, चेंडू हलका असणार, असं वाटत राहिलं. दुपारी मी वावरात जाऊन विनाकारण ढेकळं फोडली.

सोमवारी सकाळी पट्टी काढली, काडी फिरवली, आणि तो अडला नाही. फिरवत गेलो, तो येत गेला. शेवटचं टोक बारीक होत होत बाहेर आलं आणि जखमेत काहीच उरलं नाही. मी काडी उजेडात धरून दोनदा पाहिली.

"सुटला?" याडीनं विचारलं.

"सुटला."

"पुरा? तुटला नाही ना?"

"पुरा सुटला."

"मंग रडून काहून राह्यला?"

"मॅच काल झाली, याडी."